रोजच्या गाडीचा कॅमशाफ्ट

"गाडी रोजची हाय म्हणता, मग एवढा मोठा कॅमशाफ्ट कावून पाहिजे, काका?" बॉनेट वर करत अंगदनं विचारलं.

लिंबाखालच्या बाकड्यावर टेकून काकांनी टोपी मांडीवर ठेवली आणि गॅरेजभर नजर फिरवली. भिंतीवरचे पाने बघितले, पाण्याचा माठ बघितला, माठावर झाकण आहे हेही बघितलं. उघड्या बॉनेटकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही.

अंगद मनातल्या मनात हसला. गिऱ्हाईक ओळखण्यात त्याची हयात चालली होती. ज्याची गाडी बिघडते तो गाडीकडे बघतो. जो माठ बघतो, तो मुलगी देणारा असतो.

सकाळीच मध्यस्थ बंकटमामांचा फोन येऊन गेला होता. सिरसाळ्याचे पाहुणे चौकशीला निघालेत. सांगून येणार नाहीत, गिऱ्हाईक होऊन येतील. मुलीकडच्यांनी अशी गुपचूप पाहणी करायची आणि मुलाकडच्यांनी आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवायचं, हा इकडचा जुना रिवाज. त्यात हे काका आल्या आल्या म्हणाले होते, "सिरसाळ्याहून आलो." परळी, अंबाजोगाई, केज, वाटेतली सगळी गॅरेजं सोडून माणूस एका कॅमशाफ्टसाठी नेकनूर गाठतो होय?

अंगदच्या आईनं, छबुबाईनं, हात जोडून बजावलं होतं. "स्पीडचं नाव काढू नको, बाबा. आधीची दोन स्थळं त्यापायीच गेली. पोरगं येडं हाय, गाड्या उडवतंय, असं साऱ्या तालुक्यात झालंय. ही सायली तरी हातची जाऊ देऊ नको."

सायलीचा फोटो अंगदच्या मोबाईलमध्ये होता. बाकीच्या मुली फोटोत फोटोसाठी हसतात. ही बाजूला कुठंतरी बघून खरोखर हसत होती. तेव्हापासून त्याचं नट आवळण्यात लक्ष लागत नव्हतं.

अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. रस्ता ऐन दुपारी झोपल्यासारखा पडला होता. कुठल्याशा गाडीतून उडालेला कापूस हवेत तरंगत होता, खाली यायची त्याला घाई नव्हती.

"घरचंच माणूस चालवतं," काका सावकाश म्हणाले. "रोज परळीला जाणं-येणं. त्याला मोठाच पाहिजे. मला त्यातलं कळत न्हाई. तू सांग."

"कॅमशाफ्ट म्हंजे इंजिनाचा श्वास, काका. व्हॉल्व्ह किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे, ते ह्यो दांडा ठरवतो. हलका बसवला की श्वास बेताचा. मोठा बसवला की..."

तो थांबला. टेबलाच्या खणात, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, त्यानं एक मोठा कॅमशाफ्ट ठेवला होता. तो कुणाच्या गाडीत अजून गेला नव्हता. स्वप्नात मात्र अंगदनं तो कितीदा तरी बसवला होता. जागेवर उभी असताना गाडी झोपेत कुणी हाक मारल्यासारखी थरथरायची. बाजारातून जाताना रुसायची, अडखळायची. मग मांजरसुंब्याचा घाट संपून रस्ता मोकळा झाला की एकदम छाती भरून घ्यायची. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, चाकं जमिनीला लागलेली की नाहीत ते कळायचं नाही. हल्ली शेजारच्या सीटवर कुणीतरी बाजूला बघून हसत असायचं.

"मोठा बसवला की?" काकांनी विचारलं.

"कटकट," अंगद म्हणाला. "जागेवर धडधड, गर्दीत दम न्हाई, पेट्रोल लई. हलका घ्या."

"अन् मजा?"

"मजेचं काय करायचं, काका? गाडी कामापुरती."

काकांनी टोपी उलटी करून आत बघितलं, जणू पुढचा प्रश्न तिथं लिहून आणला होता. "तू सोताच्या गाडीत कोन्ता बसवशील?"

अंगदची नजर खणाकडे गेली. त्यानं ती ओढून परत आणली. "हलकाच."

"खरं?"

"आईची शपथ," तो म्हणाला, आणि आईनंच सांगितलंय म्हणून ही शपथ चालून जाईल असं त्यानं मनाला समजावलं.

"पण चालवणारं माणूस हट्टाला पेटलंय रं."

"पोरकटपणा हाय त्यो. समजावून सांगा."

"न्हाई ऐकलं तर?"

"मग चावी काढून घ्या!"

हे वाक्य अंगदला स्वतःलाच इतकं पटलं की त्याची मान आपोआप ताठ झाली. असा जबाबदार जावई बीड जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. काका उठले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "शहाणं हायेस."

"चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई," अंगद म्हणाला. शेजारच्या टपरीवरून त्यानं स्वतः चहा आणला, साखर जास्त सांगून. छबुबाईला कोणत्या शब्दांत सांगायचं तेही टपरी ते गॅरेज एवढ्या वाटेत ठरून गेलं.

काका गाडीत जाऊन बसले होते. काच खाली होती. ऐकायला कमी येत असावं, फोन स्पीकरवर होता. अंगद चहाचा ग्लास घेऊन मागून आला आणि दारापाशी थबकला.

"सायली, पोरगं मेहनती हाय, निर्व्यसनी दिसतंय," काका सांगत होते. "पण तुझ्या गाडीत हलकाच बसवा म्हनतंय. न्हाई ऐकलं तर चावी काढून घ्या म्हनतंय."

फोनमधून सायलीचा आवाज आला.

"मग या परत, पप्पा. येडं हाय असं ऐकलं, म्हनून तर तुमाला तितवर धाडलं होतं."