सोललेला मटार

नातीचा सोनमासा लाल किड्यांशिवाय कशालाच तोंड लावेना आणि नुसत्या किड्यांनी त्याचं पोट टम्म फुगलेलं. नात रडकुंडीला आली, तेव्हा आजोबांनी तिला जवळ बसवलं.

"हट्टी माणसाशी हट्ट करून भागत नाही, बाळा. एक दिवस उपाशी ठेव त्याला. मग मटार उकडायचा, सोलायचा, कुस्करायचा आणि त्याच्या किड्यांत मिसळायचा. आज चिमूटभर, उद्या जरा जास्त. आणि टाकलास की लगेच बाजूला व्हायचं. काचेला नाक लावून बघत राहिलीस, तर मुळीच खायचा नाही लबाड!"

पाच दिवस नात काचेसमोरून चोरपावलांनी ये-जा करत होती. सहाव्या दिवशी माशाने नुसता मटार गट्ट केला आणि तिने घर डोक्यावर घेतलं.

त्या दुपारी आजोबा जेवायला बसले. आजी गेल्यापासून मऊ भाताखेरीज त्यांच्या घशाखाली काही उतरत नव्हतं. सून विनवण्या करून थकली होती. आज भातात त्यांना हिरवं काहीतरी दिसलं. बोटाने चाचपून पाहिलं, तर सोललेला, कुस्करलेला मटार. कालही असेल का? त्यांनी मान वर केली. सून दारातच घुटमळत होती.

नात तिचा हात ओढत कुजबुजली, "आई, चल ना आत! बघत राहिलीस, तर मुळीच खायचे नाहीत."

आजोबांनी मान खाली घातली, ती ताट स्वच्छ होईपर्यंत वर काढली नाही.