दसऱ्याचं माप

लातूरच्या स्टेशनात छोटी गाडी शिरता शिरता केवळाबाईंनी चंद्रप्रभेला पुन्हा एकदा बजावलं, की परवा पाहुणी परत गाडीत बसेपर्यंत तुझं नाव लता.

नाव काही नवं नव्हतं. पत्रांपुरती ती कित्येक वर्षं लताच होती. फक्त जिच्यासाठी ते नाव घ्यायचं, ती बाई आज पहिल्यांदा येत होती, तीही थेट आफ्रिकेतून. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या आणि तिनं कळवलं, की मी पोरीला बघायला येते.

उमाबाई मोंबाशाच्या. माहेर सोलापूरकडचं, पण नवऱ्याची रेल्वेतली नोकरी तिकडे, त्यामुळे सारी उमर तिकडेच गेली. मूलबाळ नाही. केवळाबाई लातुरात अनाथ मुलींचं बोर्डिंग चालवतात हे कुणाकडून तरी त्यांना कळलं आणि त्यांनी मुरूडची लता नावाची पोरगी पत्करली. तिचं खाणंपिणं, शिक्षण आणि दर साली स्वतःच्या हातानं शिवलेला एक परकर.

या परकराचा थाट मोठा. दसऱ्याला केवळाबाई पोरीला उंबऱ्यापाशी ताठ उभी करत, कमरेपासून घोट्यापर्यंत सुतळी धरत, दोन्ही टोकांना गाठी मारत आणि ती पाकिटात घालून धाडून देत. बोलण्यात केवळाबाई थोडंफार इकडचं तिकडे करतील, पण मापात कधी नाही. एवढ्या लांबून कापड येतं, ते वाया जाता कामा नये, हा त्यांचा खाक्या.

मग एका साली दसऱ्यानंतर पटकीची साथ आली आणि लता दोन दिवसांत गेली. कळवायचं कसं, या विचारात केवळाबाईंचे आठवडे गेले. तेवढ्यात मोंबाशाचं पार्सल येऊन पडलं. आत लताचा नवा परकर. त्याच सुमारास नांदेडकडून, भोकरजवळच्या गावातून, चंद्रप्रभा आली. आईबाप त्याच साथीत गेलेले, अंगावर धड चिंधी नाही. केवळाबाईंनी तो परकर तिला घातला. तो पायात येऊन पोरगी अंगणात तोंडघशी पडली, तेव्हा त्यांनी तो वर खोचून दिला आणि उमाबाईंना पोच लिहिली, परकर मिळाला, लता खुशाल आहे.

पुढच्या दसऱ्याला उंबऱ्यापाशी चंद्रप्रभा उभी राहिली. त्या साली आलेला परकर तिला अंगासरशी बसला.

तेव्हापासून उमाबाईंची माया वाढतच गेली. पत्रांत आता मुरूडच्या चौकशा नसत. मायनासुद्धा नुसता 'बाळे' असा. दात पडायला लागले का, अंधाराची भीती वाटते का, कुणाची आठवण येऊन रडतेस का. चंद्रप्रभा ती पत्रं उशाशी घेऊन झोपायची. जगात तिची विचारपूस करणारं हे एवढंच माणूस, आणि तेही दुसरीच्या नावावर मिळालेलं. ते हातचं जाईल ही भीती सकाळपासून तिची पाठ सोडत नव्हती.

उमाबाई उतरल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. करोडगिरीच्या शिपायानं जकातीसाठी ट्रंक उघडायला लावली. त्यानं साड्या उपसल्या, बिस्किटांचा एक डबा उघडून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि झाकण लावून "ले जाओ अम्मा," म्हणाला.

उमाबाईंनी चंद्रप्रभेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मोठी झालीस गं, एवढंच म्हणाल्या.

जेवताना केवळाबाईंच्या तोंडाला खळ नव्हता. आमची लता अशी, आमची लता तशी. उमाबाई मान हलवत भाकरी मोडत होत्या. उष्टी काढताना चंद्रप्रभेनं केवळाबाईंना गाठलं.

"मावशी, सांगून टाकलं तर?"

"तर जाईल ती निघून. मंग बस कुनाला आई म्हनायचं ते हुडकीत," केवळाबाई म्हणाल्या. "मुरूडचं इचारलं तर म्हन, ल्हान व्हते, ध्यानात न्हाई. लई बोलू नको."

दुपारी केवळाबाई जरा आडव्या झाल्या, तेव्हा उमाबाईंनी चंद्रप्रभेला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि ट्रंकेतून तो बिस्किटांचा डबा काढला.

डब्यात सुतळ्या होत्या. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या.

"तुम्ही जपून ठेवल्या?"

"पोर डोळ्यांना दिसत नव्हती. वाढताना तरी दिसावी म्हणून."

उमाबाई खाली बसल्या आणि एकेक सुतळी भिंतीपासून ओळीनं मांडू लागल्या. पहिली लहानशी. दुसरी तिच्याहून लांब. तिसरी आणखी लांब. मग चौथी मांडली. ती तिसरीच्या चांगली चार बोटं अलीकडेच थांबली होती. तिथून पुढे सुतळ्या पुन्हा वाढत गेल्या, गेल्या सालापर्यंत.

उमाबाईंनी पहिल्या तीन सुतळ्यांवर तळवा ठेवला आणि तो हलकेच फिरवला.

"ही लता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात उचलून त्या चौथ्या, आखूड सुतळीवर ठेवला. "आता हिचं नाव सांग, बाळे."