जाळ्याच्या गाठी

फोटोग्राफर दिव्यानीच्या लाकडी कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात मनकर्णानं डोकं घातलं. काचेवर तिचा नवरा मुखरू उलटा दिसत होता, तळ्याच्या पाळीवर बसलेला, मांडीवर जाळं. चेहरा ठळक, जाळं मात्र धुक्यात हरवलेलं. चाळीस वर्षं गाठी मारल्या तिनं, आणि गावानं वाखाणलं ते मुखरूचं जाळं. “पोरी, माह्या गाठी दिसतच नाई.” दिव्यानीनं हसून भिंग हळूहळू पुढं कलवलं. मागचं तळं विरघळून गेलं आणि मुखरूच्या डोळ्यांपासून मांडीपर्यंत सारं एकदम लख्ख झालं. एकेक गाठ मोजून घ्यावी अशी. “कोण चांगलं दिसून राह्यलं वं, मी का जाळं?” मुखरूनं ओठ न हलवता विचारलं. “हालू नोका,” कापडातून मनकर्णाचा आवाज आला. “इथी जाळं वर हाय अन् तुमी खाली. काढ पोरी, असाच काढ फोटो.”