एक टाचणी कमी

परदेशातल्या कारखान्यात अंतराळवीरांचे पोशाख शिवायचो तेव्हा रोज सुटताना थोरल्या जाऊबाई प्रत्येकीच्या टाचण्या मोजून घ्यायच्या. एखादी आत राहून पोशाखाला भोक पडलं, तर वर माणूस प्राणाला मुकणार. एकदा माझी एक कमी भरली. जाऊबाईंच्या धाकाने मी पर्समधली टाचणी डबीत टाकून मोकळी झाले. मोकळी कसली, तो पोशाख घातलेला माणूस चंद्रावरून परतेपर्यंत घशाखाली घास उतरला नाही. परतल्यावरही पन्नास वर्षं जिवाला घोर. आज संग्रहालयाने त्याच पोशाखाचा एक्स-रे काढून आम्हा दोघींना बोलावलं. मला बसवेना, उभं राहवेना. तिथल्या मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "आजी, गुडघ्यात टाचणी आहे." "माझीच," मी म्हटलं. जाऊबाईंकडे बघायची छाती झाली नाही. "आणि ही खांद्यातली?" मुलीने बोट वर सरकवलं. मी मान वर केली. जाऊबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मोजणारीच्या टाचण्या कोण मोजतं गं?"