नावं ठेवणं

डॉक्टरांनी मटण, अंडी, दूध सगळंच बंद केलं, तेव्हापासून आमचे हे भाज्यांना नावं ठेवत होते. घेवडा म्हणजे बुटाच्या नाड्या, राजमा म्हणजे गोट्या, दुधी म्हणजे ओला टॉवेल. ताट सरकवून उठतील म्हणून मी रोज जीव मुठीत धरून वाढायचे.

आज त्यांनी घेवडा मुकाट्यानं खाल्ला, पुन्हा मागून घेतला, वाटीसुद्धा बोटानं पुसून चाटली. आनंद व्हायच्या ऐवजी मी डाव खाली ठेवून त्यांच्यासमोर बसले.

"आज नाव नाही ठेवलंत?" मी विचारलं.

"छे हो! फारच छान झालाय," ते संकोचून म्हणाले. "आमच्या हिला सांगतो, तुमच्याकडून शिकून घे म्हणून. नाव काय म्हणालात तुमचं?"