सुटा कण

बाजारातला प्रत्येक माणूस म्हणजे विरळ वायूतला एक सुटा कण. तो आपल्याच तंद्रीत हिंडतो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढ्याच गृहीतकावर भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी शेअर बाजाराचं अख्खं गणित उभं केलं होतं. बाजार एका दिवसात कोसळणं जवळपास अशक्य, असं ते छातीठोकपणे सांगत. आज तो कोसळला.

संध्याकाळी ते घरी आले तेच धुमसत. खोलीतल्या फळ्यावरची समीकरणं त्यांनी शर्टाच्या बाहीनंच खसाखसा पुसली.

"माझ्या गणितात तसूभर चूक नाही! ह्या लोकांनीच सगळी माती केली. एकानं विकलं की दुसरा विकतो, त्याचं बघून तिसरा. स्वतःचं डोकं म्हणून काही आहे की नाही ह्यांना?"

बायकोनं चहाचा कप पुढे सरकवला. "ते मरू द्या. आपल्या शेअरचं काय झालं?"

"दुपारीच विकून टाकले."

"अहो, पण का?"

 

"का म्हणजे?" प्राध्यापक खेकसले. "सगळेच विकत सुटले होते, मग मी एकटा काय करणार!"