सरदारांचा पाळणा

तपासणीच्या साहेबांची होडी धक्क्याला लागली, तेव्हा माझी सहा महिन्यांची चिमी सरदारांच्या दोनशे वर्षं जुन्या पाळण्यात गाढ झोपली होती. आणि दारावर माझ्याच हातची पाटी होती: ‘वस्तूंना हात लावू नये.’

एवढ्याशा बेटावर सरदारांचा हा वाडा एवढं एकच ऐतिहासिक घर, आणि ते राखायला मी. आधीचा राखणदार सरदारांच्या खुर्चीवर नुसता टेकला, तर नोकरीला मुकला होता.

साहेब तक्ता घेऊन एकेक वस्तू तपासत निघाले. घड्याळ बंद. तोफ गंजलेली. पाळण्यापाशी येऊन ते आत वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

“बाई, हे काय?”

“साहेब, तक्त्यात लिहिलंय ना, पाळणा हलवून तपासावा?” मी बोलून गेले. “रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. म्हणून आधीच भरून ठेवला.”

साहेब लालबुंद झाले. ते आता ओरडणार, तेवढ्यात चिमी कुरकुरली आणि त्यांचा हात आपसूक दोरीकडे गेला. एक झोका, दोन झोके.

“माझी नातही अशीच,” ते कुजबुजले. “थांबलं की रडते.”

अर्ध्या तासाने होडीवाल्याने खालून हाक मारली, तर साहेबच खिडकीतून दबक्या आवाजात खेकसले, “अरे, हळू! आत्ताशी डोळा लागलाय तिचा.”

ते निघताना मी तक्त्यात डोकावले. पाळण्यापुढे लिहिलं होतं: ‘स्थिती उत्तम. वापरात ठेवावा.’